दिव्याआडचा हात

मैसूरच्या जगनमोहन पॅलेसच्या संग्रहातलं सावळाराम हळदणकरांचं ते चित्र आपण निदान छापील स्वरूपात तरी पाहिलं असेल. एका हातात दिवा घेतलेली, साडी नेसलेली स्त्री. दुसरा हात ज्योतीच्या आड. पुष्कळ जण ते राजा रविवर्मांचं समजतात. रविवर्मा वारले १९०६ साली. हे चित्र १९४५-४६ मधलं, आणि तेही जलरंगातलं!

'ग्लो ऑफ होप', म्हणजे आशेचा उजेड, या नावानं ते प्रसिद्ध झालं आणि आपण तिच्या चेहऱ्यावर आशा वाचू लागलो. मीही वर्षानुवर्षं तेच करत होतो. एकदा नाव बाजूला ठेवून नुसतं चित्र पाहिलं. चेहरा शांत आहे, पण फार काही सांगत नाही. बोलतो तो हात. ज्योतीचा उजेड बोटांमधून झिरपतो आहे. चटका बसेल इतक्या जवळ धरूनही हात ताठरलेला नाही. वाऱ्यापासून दिवा जपायची ही रोजची सवय. मला तरी आता तिच्यात आशेपेक्षा सावधपणा दिसतो.

पारदर्शक जलरंगात उजळ जागा म्हणजे राखलेला कोरा कागद. एकदा तिथे रंग गेला की तो उजेड परत आणणं महाकठीण. म्हणजे ज्योत चित्रकारानंही जपलीच.

आणि समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी. हे कळल्यापासून तिच्या चेहऱ्यावरचा निवांतपणा मला घरातल्या माणसासमोरचा वाटतो.