जहाज-इंधन व वायुप्रदूषण

जहाजांची एंजिने व बाष्पित्रे यांत जाळल्या जाणाऱ्या तेलांना सामान्यपणे जहाज-इंधन किंवा बंकर तेल म्हणतात. आगबोटींवरील कोळशाच्या कोठारांना बंकर म्हणत; कोळसा मागे पडला, तरी नाव टिकून राहिले.

खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनात पेट्रोल, केरोसीन, डीझेल इ. वेगळी झाल्यावर तळाशी दाट, काळा अवशेष उरतो. त्यापासून जड इंधन तेल मिळते. त्याची श्यानता (दाटपणा) इतकी असते की, ते टाक्यांत सतत गरम ठेवावे लागते व एंजिनात फवारण्यापूर्वी सु. १३०° से.पर्यंत तापवावे लागते. मंदगती डीझेल एंजिनांत ते जळू शकते आणि ते स्वस्त असते, म्हणून मालवाहू जहाजांत त्याचा प्रसार झाला. तथापि मूळ तेलातील गंधक, व्हॅनेडियम व निकेल यांचा बराच भाग या अवशेषातच एकवटतो.

इंधनातील गंधकापासून सल्फर डाय-ऑक्साइड व पुढे हवेत सल्फेटाचे सूक्ष्म कण तयार होतात. ते श्वसनमार्गास व हृदयास अपायकारक असतात. जहाजे भर समुद्रात असतात, त्यामुळे धुराचा उपद्रव माणसांस होत नाही, हा समज चुकीचा आहे. कारण बहुतेक उत्सर्जन किनाऱ्यापासून ४०० किमी.च्या आतच होते.

जहाजांपासून होणारे प्रदूषण रोखण्यासाठी केलेल्या ‘मारपोल’ या आंतरराष्ट्रीय करारास १९९७ मध्ये वायुप्रदूषणासंबंधीचे सहावे परिशिष्ट जोडण्यात आले. ते २००५ मध्ये अंमलात आले. गंधकाची ४.५% ही मूळ मर्यादा २०१२ पासून ३.५% व १ जानेवारी २०२० पासून ०.५% करण्यात आली. बाल्टिक व उत्तर समुद्र यांसारख्या नियंत्रित क्षेत्रांत २०१५ पासून ती ०.१% आहे. भारतातील रस्त्यांवरील वाहनांच्या डीझेलात गंधक ०.००१% पेक्षा अधिक चालत नाही, हे लक्षात घेता ०.५% ही मर्यादाही कडक म्हणता येत नाही.

शिवाय या नियमात एक पळवाट आहे. धुरातील गंधक धुऊन काढणारा स्क्रबर बसविल्यास जुनेच तेल जाळता येते. खुल्या प्रकारच्या स्क्रबरमध्ये धूर समुद्राच्या पाण्याने धुतला जातो आणि आम्ल, जड धातू व हायड्रोकार्बने मिसळलेले ते पाणी परत समुद्रात सोडले जाते. हवेतील दोष पाण्यात गेला, एवढेच. सिंगापूरने आपल्या बंदरात असे पाणी सोडण्यास २०२० पासून बंदी केली.

सल्फेटाच्या कणांभोवती सूक्ष्म जलबिंदू जमून सखल ढग अधिक शुभ्र होतात व सूर्यप्रकाश परावर्तित करतात. जहाजांच्या मार्गांवर उमटणाऱ्या अशा ढगांच्या रेषा २०२० नंतर उपग्रहचित्रांत कमी झाल्या. म्हणजे गंधकाने झाकलेली काही तापमानवाढ उघडी पडली. ती किती, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. कार्बन डाय-ऑक्साइडाचे उत्सर्जन मात्र इंधनातील गंधक घटविल्याने कमी होत नाही. २०१८ साली कार्बन डाय-ऑक्साइडाच्या मानवनिर्मित जागतिक उत्सर्जनात जहाजवाहतुकीचा वाटा सु. २.९% होता. द्रवरूप नैसर्गिक वायूत गंधक जवळजवळ नसतो, पण त्यातील काही मिथेन न जळताच एंजिनातून निसटतो, आणि तो कार्बन डाय-ऑक्साइडापेक्षा कितीतरी प्रभावी हरितगृह वायू आहे.