सांडणीच्या पाठीवरून मरुभूमींत

मराठी माणसास उंटाचा परिचय बहुधा म्हणींतूनच झालेला असतो. 'उंटावरचा शहाणा', 'उंटावरून शेळ्या हाकणें' असें आपण सहज बोलून जातों. परंतु बोलणारांपैकीं उंटावर चढलेला विरळाच. गतवर्षीं लवासा येथें वरसगांव धरणाच्या पाण्याकाठीं तंबूंत रात्र काढून आम्ही परतत होतों, तेव्हां नातवानें विचारलें, "आजोबा, पेशव्यांचीं पत्रें नेणारा सांडणीस्वार खरोखरच उंटावरून जात असे का? मग आपणही बसूं या कीं!" सांडणी म्हणजे स्वारीची उंटीण, हा अर्थ मीं वर्गांत कितीदां सांगितला असेल, सांडणी मात्र कधीं जवळून पाहिली नव्हती. त्याच पौषांत सहकुटुंब जैसलमेर गांठलें.

शहराच्या पश्चिमेस सुमारें ४० किलोमीटरांवर सम येथील वाळूच्या टेकड्या आहेत. सायंकाळीं तेथें यात्रेसारखी गर्दी असते. उंटानें बसावें, उठावें, टेकडीस वळसा घालून परतावें. अर्ध्या तासांत सारें संपलें. नातवाचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशीं मग खुरी गांवाच्या बाजूनें, स्वतःचे उंट बाळगणाऱ्या एका वृद्ध वाटाड्यासह दोन दिवसांचा प्रवास ठरविला.

उंट उठतांना प्रथम मागले पाय उचलतो. त्या क्षणीं मागें रेलावें, नाहींतर स्वार थेट त्याच्या मानेवर येतो! माझी टोपी गेली, मी वांचलों. एका बाजूचे दोन्ही पाय तो एकदम टाकतो, म्हणून सारें शरीर होडीसारखें डोलतें. तासाभरानें कंबर त्या डोलण्यास सरावते आणि मग आजूबाजूस लक्ष जातें. वाटेंत ज्या झाडास तिकडे खेजडी म्हणतात, ती आपली दसऱ्याची शमी. तिच्या शेंगा म्हणजे सांगरी. आणि केर म्हणजे संस्कृतांतील करीर. त्या दोहोंची भाजी आणि बाजरीची भाकरी वाटाड्यानें शेकोटीवर केली. पूजेपलीकडे जिचा विचार केला नव्हता, ती शमी त्या रात्रीं पोटांत गेली.

मुळशीच्या डोंगरांत एखाद्या धोधो दिवशीं पडतो, तेवढा पाऊस तिकडे कित्येकदां साऱ्या वर्षांत पडतो. अशा देशांत उंट टिकतो तो मदारींत पाणी साठवून नव्हे. तेथें चरबी असते. तहानलेल्या उंटाचें शरीर दिवसा ४० अंशांपर्यंत तापतें, पहांटे ३४ पर्यंत उतरतें, आणि घामावांचून भागतें. पाणी मिळालें म्हणजे एका वेळेस शंभर लिटरही पितो. अमरकोशांत त्याचीं उष्ट्र, क्रमेलक, मय, महांग अशीं चार नांवें आहेत. पैकीं क्रमेलक हें ग्रीकांकडून आलें असें विद्वान् मानतात.

पहांटे उंट दिसेनात. पुढचे पाय सैल दोरीनें बांधून त्यांस चरावयास सोडलें होतें. वाटाड्या पावलांचे ठसे पाहत गेला व दोन तासांनीं त्यांना घेऊन आला. आपल्या उंटाचा ठसा तो शंभरांत ओळखतो. ही विद्या आतां कोण शिकणार? २०१२ च्या पशुगणनेंत देशांत सुमारें चार लक्ष उंट होते, २०१९ मध्यें अडीच लक्ष. राजस्थाननें २०१४ साली त्यास राज्यपशु केलें, २०१५ मध्यें कत्तल व परप्रांतीं विक्री यांवर निर्बंध घातले. परंतु त्यामुळें बाजारच बसला, अशी पाळणारांची तक्रार आहे. ट्रॅक्टर आणि जीप आल्यावर ओझें वाहण्याचें कामही गेलें. उरले ते आपल्यासारखे पाहुणे.

म्हणून जाणारांनीं कार्तिक ते माघ या दिवसांत जावें, जाड पांघरूण न्यावें, पलाणाखालीं उंटाच्या पाठीस जखम नाहीं हें स्वतः पाहावें, आणि पैसे शक्यतों उंटाच्या धन्याच्याच हातीं पडतील असें करावें. निघतांना आमच्या वाटाड्यास मीं विचारलें, मुलगा हेंच करतो का? तो हंसला. मुलगा जैसलमेरला जीप चालवितो, आणि आम्हांस स्टेशनावर पोंचवावयास तोच येणार होता.