नुसत्या पानावरून वेताची जात ठरवू नये

सातारा-सांगलीच्या पश्चिमेकडची कोयना आणि चांदोलीची जंगले 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात एकत्र आली. अशा जंगलात झाडांवर चढलेली काटेरी वनस्पती दिसली, की आपण तिला वेत म्हणून मोकळे होतो. वेत ताड-माडाच्या कुळातला, हे खरे. त्याच कुळातल्या भेरली माडाच्या किंवा शिंदीच्या फळाची साल गुळगुळीत असते. वेताच्या फळावर मात्र कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात. पण हा वेत आहे, एवढे कळले म्हणजे जात कळली असे नाही. कॅलॅमस या एकाच प्रजातीत चारशेहून अधिक जाती आहेत. त्या वेगळ्या करायच्या तर नुसते पान पुरत नाही.

खरा पुरावा खोडाला वेढणाऱ्या देठाच्या आवरणावर असतो. त्यावरचे काटे चपटे की सुईसारखे, सुटे की ओळीने, हे नीट पाहावे लागते. मग चढण्याचा अवयव. काही जातींत पानाचा मधला दांडाच पुढे लांबून आकडेदार चाबूक होतो; काहींत तसाच चाबूक आवरणातून फुटतो आणि तो मुळात वांझ फुलोरा असतो. दोन्ही दिसायला सारखे, पण उगम वेगळा. म्हणून चाबूक कुठून निघाला हे पाहिल्याशिवाय निर्णय करता येत नाही. त्यात नर आणि मादी झाडे वेगळी, त्यामुळे एका झाडाचा फुलोरा अर्धीच माहिती देतो. सह्याद्रीतल्या कॅलॅमस स्यूडोटेन्युइस या जातीचे वर्णन इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ बेकारी यांनी 1892 साली हूकर यांच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’त केले. 1908 साली त्यांनी आशियातल्या कॅलॅमसवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि 1992 साली सी. रेणुका यांनी पश्चिम घाटातल्या वेतांची ओळखपुस्तिका दिली. ही सारी कामे उभी आहेत ती नीट जपलेल्या नमुन्यांवर.

आता डीएनए तपासणी आली, मग एवढा खटाटोप कशाला, असे कुणी विचारेल. पण डीएनए कशाशी ताडून पाहायचा? त्यासाठी आधी खात्रीने ओळखलेला नमुना हवाच. दुसरा आक्षेप असा, की जंगलातल्या माणसाला जातीचे काय? फरक पडतो. एकाच खोडाची जात तोडली तर झाड संपते. बेटाने वाढणाऱ्या जातीला बुडातून नवे कोंब फुटतात. तोडीचा नियम सगळ्या वेतांना एकच लावला, तर एकखोडी जात आधी नाहीशी होईल.

म्हणून वेत दिसला तर तो तोडू नका. संरक्षित जंगलात परवानगीशिवाय नमुना घेताही येत नाही. आवरण, काटे, चाबकाचा उगम, फुलोरा आणि फळ यांची जवळून छायाचित्रे घ्या, ठिकाण आणि तारीख लिहून ठेवा, आणि ही नोंद महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे द्या.