सीटवरून बसणारा खटका

मिनेसोटातल्या छोट्या शेतावर हिवाळ्यात एकाच ट्रॅक्टरचा लोडर सकाळी अंगणातला बर्फ लोटतो, दुपारी वाळल्या गवताचा गठ्ठा उचलतो आणि संध्याकाळी गोठ्यातलं शेण काढतो. तीन कामांना तीन अवजारं. दर बदलाला चालकाने खाली उतरायचं, लोडरच्या पुढच्या प्लेटवरचे दोन लिव्हर उचलायचे, वर चढून ट्रॅक्टर मागे घ्यायचा, नवं अवजार प्लेटवर घ्यायचं आणि पुन्हा उतरून लिव्हर दाबायचे. चिखल गोठलेला, स्प्रिंग गंजलेली, हातमोज्यातली बोटं बधिर. साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याला ही चढ-उतरच कामापेक्षा जड जाते. म्हणून तिकडे बरेच जण हे लिव्हर हलवायला मोटर किंवा हायड्रॉलिक सिलिंडर बसवून घेतात. बटण दाबलं की खटका सुटतो, उलटं दाबलं की बसतो. सोय खरोखरच मोठी आहे. पण मोटरने किंवा तेलाने खटका फक्त हलवावा. अवजार धरून ठेवणं पोलादाकडेच राहिलं पाहिजे. या जोडणीतलं सगळं बरंवाईट तिथे ठरतं.

या प्लेटचं मूळही त्याच मुलखात आहे. रॉथसे गावाजवळ टर्की पाळणारे एडी व्हेलो यांना कोठारातली घाण काढायला यंत्र हवं होतं. ते खांबांमधून वळायला हवं आणि वरच्या मजल्याच्या जमिनीला पेलेल इतकं हलकं हवं. सिरिल आणि लुईस केलर या लोहारकाम करणाऱ्या भावांनी 1957 मध्ये तीन चाकांचा छोटा लोडर करून दिला. पुढच्याच वर्षी नॉर्थ डकोटातल्या मेलरो कंपनीने त्याचे हक्क घेतले, 1960 मध्ये चार चाकं आली, 1962 पासून ‘बॉबकॅट’ नाव लागलं. यंत्र लोकप्रिय झालं तशी अवजारं वाढली आणि ती पटकन बदलता यावीत म्हणून 1970 मध्ये कंपनीने ‘बॉब-टॅच’ ही प्लेट आणली. तिच्या घडणीची जोडणी पुढे इतर कंपन्यांनीही स्वीकारली, 2005 मध्ये तिच्या मापांना आयएसओ 24410 हे मानक मिळालं आणि छोट्या ट्रॅक्टरांच्या लोडरवरही ती आली. युरोपातल्या ट्रॅक्टर लोडरची जोडणी निराळी, हुकांची. म्हणून सामान मागवण्याआधी आपली प्लेट कुठली ते मोजून पाहावं.

रचना साधी आहे. अवजाराच्या पाठीवर वरच्या बाजूला उतरती ओठासारखी पट्टी असते. प्लेट पुढे झुकवून तिची वरची कड त्या पट्टीखाली घालायची आणि मागे कलवायची. अवजार आपल्याच वजनाने प्लेटवर टेकतं. मग लिव्हर दाबले की प्लेटच्या खालून दोन पिना अवजाराच्या खालच्या पट्टीतल्या खाचांत उतरतात. पिनांचं टोक निमुळतं असतं. कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकलेल्या पाचरीसारखं ते काम करतं: झीज झाली तरी पिन थोडी आणखी खाली जाते आणि ढिलाई राहत नाही. लिव्हरची स्प्रिंग मधला बिंदू ओलांडला की उलट्या बाजूला ओढते, त्यामुळे बसलेला खटका धक्क्याने आपोआप वर येत नाही.

यात एक फसवी गोष्ट दडलेली आहे. पिना बसल्या नसल्या तरी बकेट उचलली जाते. तिचं वजन पुढच्या बाजूला असल्याने खालची पाठ प्लेटवर दाबलेलीच राहते आणि सगळं ठीक दिसतं. बकेट ओतायला झुकवली किंवा तिची धार कशाला अडली, की खालची बाजू प्लेटपासून सुटते आणि मग वरच्या ओठाचा आधार उरत नाही. हाताने लिव्हर दाबणारा माणूस पिनांसमोरच उभा असतो, त्याला त्या दिसतात. बटणवाल्याला त्या सीटवरून दिसतीलच असं नाही. म्हणून लिव्हरला लाल-पिवळा रंग देणं, लिव्हर सीटवरून दिसेल अशी जागा राखणं, याला मी मोटरइतकंच महत्त्व देईन.

विजेचा मार्ग स्वस्त आणि घरी करता येण्यासारखा. बारा व्होल्टचा लिनिअर ॲक्च्युएटर, म्हणजे मोटरने फिरणारा स्क्रू दांडा पुढे-मागे करतो. आटे बारीक असले की वीज बंद झाल्यावरही दांडा जागचा हलत नाही. बटण असं घ्यावं की बोट उचललं की थांबेल, आणि दिशा उलटवता येईल, फ्यूज बॅटरीजवळ. लिव्हरला जोडताना गोल भोकाऐवजी लांबट भोक ठेवावं. ॲक्च्युएटरने लिव्हर मधल्या बिंदूपलीकडे नेला की उरलेलं अंतर स्प्रिंगने स्वतः ओढून घेतलं पाहिजे. घट्ट जोडलं तर स्प्रिंगचं काम मोटर करू लागते, आणि मोटर बिघडली तर पिनही अर्धवट राहते.

हायड्रॉलिकची ताकद मात्र जपून वापरावी लागते. पंचवीस मिलिमीटर व्यासाच्या छोट्या सिलिंडरात दीडशे बार दाब आला तर सुमारे साडेसातशे किलोचा जोर निघतो. लिव्हर हाताच्या जोरासाठी घडवलेला, तो वाकतो. दांड्याची चाल शंभर मिलिमीटर धरली तर सिलिंडरात पन्नास मिलिलिटरच तेल मावतं, आणि मिनिटाला वीस लिटरच्या प्रवाहात ते सेकंदाच्या सहाव्या-सातव्या भागात भरतं. खटका बसत नाही, तो आदळतो. म्हणून वाटेत प्रवाह कमी करणारं बारीक छिद्र आणि दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह हवाच. एकच सिलिंडर दोन लिव्हरांच्या मध्ये तरंगता लावला तर दोन्हीकडे जोर सारखा पडतो. पण एक पिन चिखलाने अडली तर मोकळी पिन बसते आणि दुसरी वरच राहते. नजर दोन्ही लिव्हरांवर जायला हवी. ग्रॅपलची, म्हणजे ओंडके पकडणाऱ्या पंज्याची, तेलाची लाईन खटक्यालाही वापरण्याचा मोह तर पूर्ण टाळावा. लाकडाचा ओंडका वर धरलेला असताना चुकीची कळ दाबली जाणं परवडणारं नाही.

ही भीती कल्पनेतली नाही. ब्रिटनमध्ये एक्स्कव्हेटरच्या क्विक कपलरमधून बकेट निसटून खालची माणसं मेली आहेत, आणि अशा कपलरच्या सुरक्षिततेसाठी 2016 मध्ये आयएसओ 13031 हे स्वतंत्र मानक निघालं. शेतातल्या लोडरवर कोणी निरीक्षक येत नाही. तिथे चाचणी चालकानेच करायची. खटका बसवल्यावर अवजार जमिनीलगत ठेवावं, धार खाली झुकवून जमिनीवर हलकेच दाबावं. जमीन धारेला वर ढकलते, त्याने अवजाराची खालची पाठ प्लेटपासून दूर होऊ पाहते. पिना बसलेल्या असतील तर काही हलत नाही. नसतील तर फट दिसते, आणि ती जमिनीवरच दिसते.

आपल्याकडे ट्रॅक्टरला मागे रोटाव्हेटर जोडताना टॉपलिंकची पिन जुळवण्याची कसरत प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. जेसीबीची बकेट काढून ब्रेकर लावताना घणाने पिना ठोकल्याचा आवाजही गावागावांत ऐकू येतो. फ्रंट लोडर आता शेणखताच्या ट्रॉल्या भरायला आणि वीटभट्ट्यांवर दिसतो, पण त्याला बहुधा एकच बकेट, आणि तीही थेट पिनांवर. दिवसभर एकच काम असेल तर मोटरच काय, झटपट जोडणीची प्लेटही नको. तिचं वजन पुढे वाढतं आणि बकेट काही सेंटिमीटर पुढे सरकते. दोन्हींमुळे उचलण्याची क्षमता घटते. दुधाच्या गोठ्यावर चारा, शेण आणि मुरघास एकाच लोडरवर असेल तर गोष्ट वेगळी.

आणि वेल्डरकडे काम द्यायचं ठरलंच, तर दोन सूचना आधीच द्याव्यात. पहिली: वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढायची आणि अर्थिंगचा चिमटा सांध्याच्या अगदी जवळ लावायचा, म्हणजे करंट लोडरच्या पिना-बुशांतून फिरणार नाही. दुसरी: मोटर किंवा सिलिंडर एकच पिन काढून लिव्हरपासून सोडवता आला पाहिजे, आणि जुनी मूठ कापायची नाही. बॅटरी उतरली किंवा होज फुटला तरी हाताने तो खटका उघडता आणि बंद करता यायला हवा.