परत आलेल्या ईमेलवरचा शेरा वाचा

कापडाच्या धंद्यात ज्यांचे केस पांढरे झाले, त्यांना पोस्टातून परत आलेले पाकीट आठवत असेल. ‘पत्ता अपूर्ण’, ‘घर सोडून गेले’ असा शेरा पोस्टमन त्यावर लिहीत असे आणि मुनीमजी वहीतला तो पत्ता खोडून टाकीत. आता दरपत्रके ईमेलने जातात. तीही परत येतात, शेराही असतो. पण तो इंग्रजीत असल्याने आपण न वाचताच पुसून टाकतो. आम्हीही तेच केले आणि एका हंगामाचा माल गोदामात घेऊन बसलो.

ईदच्या हंगामाआधी आम्ही पेढीच्या नावाच्या पत्त्यावरून सुमारे सहाशे जणांना नव्या मालाचे दर पाठविले. यादी प्रदर्शनांत जमलेल्या व्हिजिटिंग कार्डांवरून केलेली. काही कार्डे दहा वर्षांची. शंभरावर ईमेल ‘मेलर-डेमन’ या नावाने परत आल्या. लाईन बिघडली असेल असे समजून आम्ही सगळी यादी पुन्हा पाठविली, आठवड्याने आणखी एकदा. मग पक्क्या गिऱ्हाईकांचेही फोन येईनात. चौकशी केली तेव्हा कळले, आमचे दरपत्रक त्यांच्या स्पॅममध्ये पडून होते.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमाचे, म्हणून भाच्याला बसवून शेरे वाचून घेतले. इंग्रजीपेक्षा आकडा महत्त्वाचा निघाला. तीन अंकी आकड्याचा पहिला अंक ४ असेल तर अडचण तात्पुरती. पाठविणारे यंत्रच काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आपण घाई करू नये. पहिला अंक ५ असेल तर नकार पक्का.

पुढे बिंदू देऊन आणखी एक आकडा असतो. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही. खरेदीचा माणूस पेढी सोडून गेला, किंवा कार्डावरून उतरविताना एक अक्षर चुकले. दोन वर्षे न वापरलेली खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून बंद करू लागले आहे, तोही घोळ यात येतो. शेवटी २.२ असेल तर पेटी भरलेली. जीमेलची फुकट जागा १५ जीबी, आणि त्यात फोटोही मोजले जातात! अशा गिऱ्हाईकाला फोन करावा. पण ५.७ ने सुरू होणारा आकडा दिसला तर बहुधा दोष आपल्याकडे शोधावा: पत्ता बरोबर आहे, पाठविणाऱ्यावर भरवसा नाही.

हा भरवसाच आम्ही गमावला होता. मेलेल्या पत्त्यांवर वारंवार पाठविणारा माणूस जीमेल, याहूसारख्यांच्या नजरेत उपद्रवी ठरतो आणि त्याची चांगली पत्रेही बाजूला टाकली जातात. विकत मिळणाऱ्या याद्या तर हातात धरू नयेत. त्यांत मुद्दाम ठेवलेले सापळ्याचे पत्तेही असतात.

फेब्रुवारी २०२४ पासून या दोघांनी नियम कडक केले. पत्र खरोखर आपल्याच पेढीचे आहे याची खूण, म्हणजे एसपीएफ किंवा डीकेआयएम, लहान व्यापाऱ्यालाही लागते. जीमेलवर दिवसाला पाच हजारांवर पत्रे पाठविणाऱ्याला दोन्ही लागतात, शिवाय डीमार्क. वेबसाईट करून देणाऱ्या मुलाकडून हे काम करून घ्यावे. त्याने करून दिले असेलच असे धरून चालू नये. आमच्या मुलाने केले नव्हते.

५.१.१ वाले सगळे पत्ते आम्ही यादीतून काढले. ज्यांचे फोन नंबर होते त्यांना एकेक करून फोन लावले. एकाने चुकलेले अक्षर सांगितले आणि विचारले, “शेठ, वर्षभर दर का नाही पाठविले?”