फॅमिली ट्रीमध्ये नसलेली बायको

आपले शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन आठवतात ना? त्यांच्या थोरल्या भावाची बायको नादा, म्हणजे लेडी एडविनाची मोठी जाऊ, ही रशियन कवी पुश्किनची पणती. आणि पुश्किनच्या आईचे आजोबा? आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला एक मुलगा! आहे की नाही भन्नाट फॅमिली ट्री?

त्या मुलाचं नाव अब्राम गानिबाल. १७०४ च्या सुमारास तो कॉन्स्टँटिनोपलहून रशियात पोचला. झार पीटर द ग्रेट त्याचा धर्मपिता झाला. फ्रान्समध्ये तो लष्करी इंजिनीअरिंग शिकला, पुढे जनरल झाला, उमराव झाला, जहागीरही मिळाली. इथवर स्टोरी एकदम फिल्मी.

पण १७३१ मध्ये त्याचं लग्न झालं येव्दोकिया डिओपरशी. ती एका ग्रीक कप्तानाची मुलगी. तिच्या मनात दुसराच तरुण होता. लग्न वडिलांनी लावून दिलं. तिला मुलगी झाली, तीही गोरीपान. गानिबालने तिच्यावर व्यभिचाराचा, विष देण्याच्या कटाचा आरोप केला. तिच्या वाट्याला वर्षानुवर्षं कैद आली.

इकडे साहेबांनी घटस्फोट न घेताच १७३६ मध्ये क्रिस्तिना श्योबर्गशी दुसरा संसार थाटला. केस चालली १७५३ पर्यंत. निकाल काय? त्याला दंड आणि प्रायश्चित्त, दुसरं लग्न मान्य. येव्दोकियाची रवानगी मठात. तिथेच ती गेली.

क्रिस्तिनाचा मुलगा ओसिप बापावरच गेला. बायको मारिया जिवंत असताना विधुर असल्याचं सांगून त्याने दुसरं लग्न केलं! पण या वेळी ते लग्न रद्द झालं. टाकलेल्या मारियानेच लेक नादेझ्दाला वाढवलं. हीच पुश्किनची आई.

पुश्किनने पणजोबांवर कादंबरी लिहायला घेतली, ती अर्धवट राहिली. त्याची लेक नताल्या जर्मन राजपुत्राच्या घरात गेली, नात सोफीने झारची परवानगी न घेता ग्रँड ड्यूकशी लग्न केलं. त्यांचीच मुलगी ही नादा.

या झाडावर कवी आहे, राजपुत्र आहेत. येव्दोकिया मात्र कुणाचीच पणजी नाही, म्हणून कुठल्याच फांदीवर नाही. तुमच्या घरच्या वंशावळीतही अशी एखादी बाई गाळलेली असेल. आजीला एकदा विचारून बघा.