मका इथला, अंडी परराज्यांतली

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सिल्लोड, कन्नड, फुलंब्रीकडे मका भरपूर पिकतो. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साधारण निम्मा वाटा मक्याचा, त्याखालोखाल सोयाबीन पेंडीचा. सोयाबीनही मराठवाड्याचेच पीक. तरीही अंडी बाहेरून आणावी लागतात. राज्यात रोज सुमारे १ कोटी अंडी कमी पडतात, असे पशुसंवर्धन विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले होते. ही तूट कर्नाटक, तेलंगणा, तमिळनाडूच्या अंड्यांनी भरून निघते.

नवे फार्म उभे राहायला हवेतच. पण आहे त्या फार्मचा हिशेब काय सांगतो? अंड्याच्या उत्पादन खर्चात ६० ते ७० टक्के वाटा एकट्या खाद्याचा असतो. एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते, मग ती अंडे देवो अथवा न देवो. १०० कोंबड्यांमागे रोज ९० अंडी मिळाली, तर एका अंड्यामागे १२२ ग्रॅम खाद्य लागते. अंडी ७५ वर आली, की तेच १४७ ग्रॅम होते. खाद्याचा भाव किलोला २५ रुपये धरला, तर प्रत्येक अंड्यामागे साठ पैसे वाढले. दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये तर रोज दीड हजार अंडी कमी होतात.

मराठवाड्यात ही घसरण हमखास दिसते ती एप्रिल-मे महिन्यांत. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. पारा चाळिशीकडे गेला, की ती चोच उघडून धापा टाकते आणि शरीर थंड ठेवते. पण धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अंड्याचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे. त्यासाठी लागणारे बायकार्बोनेट रक्तातच कमी पडते आणि कवच पातळ होते. त्यात उष्म्याने भूक मंदावलेली, म्हणजे पोटात कॅल्शियमही कमी. अंडी घटतात, आलेली वाटेत तडकतात.

यावरचे बरेच उपाय फार खर्चाचे नाहीत. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, की ऊन थेट आत येत नाही. छताला चुना, टाकीला आणि पाइपलाइनला सावली, दुपारी फॉगर आणि पंखे. खाद्य पहाटे आणि उन्हे उतरल्यावर द्यायचे. कवचाचे बरेचसे काम रात्री चालते. म्हणून शिंपल्याचा किंवा चुनखडीचा जाडसर चुरा संध्याकाळच्या खाद्यातून दिला, तर तो हळूहळू विरघळत रात्रभर पुरतो. दिवसाचा नैसर्गिक आणि दिव्यांचा मिळून १६ तास प्रकाश, वेळेवर लसीकरण आणि रोजच्या अंड्यांची, मरतुकीची नोंदवही हेही त्यातच आले. उत्पादन पडले म्हणून प्रतिजैविके पाण्यात मिसळणे हा मात्र उपाय नव्हे. कोलिस्टिन हे प्रतिजैविक तर पशुपालनात वापरण्यास देशात २०१९ पासून बंदी आहे.

हा हिशेब फक्त पोल्ट्रीवाल्याचा नाही. माणशी वर्षाला १८० अंडी खावीत, अशी राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस आहे. २०२३-२४ मध्ये देशात माणशी उपलब्ध होती १०३. सहा ग्रॅम उत्तम प्रथिने देणारे एक अंडे साठ पैशांनी महागले, तर त्याचा चटका सर्वांत आधी बसतो तो रोजंदारीवर चालणाऱ्या घरातल्या मुलांच्या ताटाला.